महजूबाच्या पोटातले दोघे

मोरोक्कोतल्या बझू गावात यामनाला सगळे मानाने लल्ला म्हणत, आणि तिच्या तोंडी लागायला कचरत. तिच्या मागावर विणलेलं लोकरीचं कापड जेवढं तलम, तेवढी तिची जीभ भरड, असं तिची जाऊ हद्दा म्हणे. पण तेही पाठीमागे. समोर हद्दासुद्धा चहाचा पेला हातात घेऊन गोड हसत बसायची.

यामनाच्या आयुष्यात झाकून ठेवलेलं असं एकच भांडं होतं. तिचा नवरा ब्राहिम लग्नानंतर फ्रान्सला कोळशाच्या खाणीत गेला आणि तो गेल्यानंतर दुसरं वर्ष सरता सरता अब्देस्लाम जन्मला. तमू नावाची म्हातारी सुईण तेव्हा हयात होती. तिने यामनाच्या पोटावर हात ठेवला आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, की मूल ब्राहिमचंच. बाप परदेशी गेल्याचा धसका घेऊन ते झोपी गेलं होतं, आता जागं झालं. मूल पोटात झोपतं, हे त्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवरा लांब गेला, घरात मयत झालं, कुणी वाईट चिंतून काही करून ठेवलं, की पोटातलं मूल अंग आखडून निजतं. महिनोनमहिने निजतं, कधी वर्षानुवर्षं. काझीनेही मान डोलावली. ब्राहिम सुट्टीवर आला तेव्हा त्याने पोराला मांडीवर घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं. भांड्यावर झाकण बसलं. आत काय होतं ते कुणी पाहिलं नाही. बघायचं नसतं, म्हणून तर झाकण असतं.

अब्देस्लाम मोठा झाला, मोठ्या अंगाचा, हसऱ्या तोंडाचा. पोरं चिडवायची तेव्हा म्हणायचा, "मला घाई नव्हती, तुम्हालाच होती." ब्राहिम वारला, अब्देस्लाम अगादीरच्या मासळी बंदरावर क्रेन चालवायला लागला, आणि महजूबा सून म्हणून घरात आली. अबोल पोरगी. मागावर बसली की संध्याकाळपर्यंत तिच्या हाताचाच काय तो आवाज.

मूल मात्र होईना. मग तिच्या पोटात, बेंबीखाली डाव्या अंगाला, काहीतरी टणक हाताला लागायला लागलं. यामनाने दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले, आणि निकाल दिला.

"झोपलंय. आमच्या घराण्यात झोपतात पोरं."

"पण लल्ला, दर महिन्याला रक्त जातं, आणि किती जातं!" महजूबा म्हणाली.

"जाणारच. झोपलेलं मूल काही खातं-पितं होय? त्याच्या वाटचं वाया जातं."

जमलेल्या बायकांनी ऐकलं, माना हलवल्या. यामनाला त्या दिवशी उगाच हलकं वाटलं. घरात एक झोपलेला होता तोवर तो एकटा होता. आता दोन झाले. दोन झाले की रीत होते.

तीन-चार वर्षं अशी गेली आणि महजूबाला दिवस गेले. हे दुसरं मूल झोपणाऱ्यातलं नव्हतं. उलट्या, डोहाळे, सगळं वेळच्या वेळी. पोट मात्र महिन्यांच्या मानाने मोठं दिसत होतं, आणि डाव्या अंगाचं ते टणक त्याच्याबरोबर वाढत होतं.

"थोरल्याला कळलं, धाकटा आला म्हणून," यामना सगळ्यांना सांगायची. "जागा मागतोय."

पाचव्या महिन्यात महजूबा मागावरून उठली ती वाकडी होऊनच. डाव्या कुशीत असं दुखत होतं, की श्वास धरून ती भिंतीला टेकली. अंगात कणकण होती. यामनाचा चेहरा उजळला. थोरला जागा होतोय! जागं करायची रीत तिला ठाऊक होती. आलं, दालचिनी, लवंग, मिरी आणि आणखी काय काय उष्ण घालून तिने काढा उकळला, वर गरम विटेचा शेक दिला. महजूबाने निमूट प्यायला. काढा उलटून पडला, दुखणं मात्र वाढलं. दुसऱ्या दिवशी तिला उभंही राहवेना तेव्हा शेजाऱ्यांनी टॅक्सी बोलावली. बनी मलालच्या इस्पितळात जायचं ठरलं. टॅक्सीत एक जागा उरली होती. तिथे हद्दा येऊन बसली.

"तुला कशाला?" यामनाने विचारलं.

"दात दाखवायचाय गं. कधीचा ठणकतोय."

डॉक्टर नुझा तरुण होती, आणि सकाळपासून उभी होती. तिने महजूबाच्या पोटावर यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बोट केलं. "हे बाळ. हे त्याचं हृदय, बघा कसं पळतंय. आणि ही गाठ. फायब्रॉइड म्हणतात. गर्भपिशवीच्या भिंतीतच वाढते, मांसाची असते, कॅन्सर नव्हे. आज ती बाळाच्या डोक्याहून मोठी आहे."

"गाठ नाही ती," यामना म्हणाली. "थोरला आहे. निजलाय."

"आजी, याला हृदय नाही."

"निजलेल्याचं हृदयही निजतं."

डॉक्टरने एकदा डोळे चोळले. "दिवस गेल्यावर गाठ भराभर वाढते. तिला पुरेसं रक्त पोचत नाही, मग ती आतून मरायला लागते. तेच हे दुखणं. विश्रांती, दुखण्याचं औषध, रक्तासाठी लोहाच्या गोळ्या, भरपूर पाणी. आठवड्याभरात उतरेल. काढे बंद. आणि दर महिन्याला मला दाखवायचं, गाठ खाली आहे, बाळाच्या वाटेवर." मग काय वाटलं कोण जाणे, तिने पुढे जोडलं, "आणि झोपलेलं मूल वगैरे काही नसतं आजी. मूल नऊ महिन्यांत येतं, नाहीतर येत नाही. बाकी सगळ्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी."

दाराच्या कापडी पडद्यापलीकडे हद्दा उभी होती. परतीच्या वाटेवर तिचा दात ठणकायचा थांबला.

चार दिवसांनी हमामात, वाफेत, अंग घासता घासता हद्दा बायकांना सांगत होती, "डॉक्टरीण म्हणते, नऊ महिने, वर नाही. मी म्हटलं, बाई, तुला बझू माहीत नाही! आमच्या लल्ला यामनाला विचार!" आणि हसली. जणू बाजूच घेत होती. बायकाही हसल्या. एकीने नुसतं विचारलं, "दुसरं वर्ष होतं, नाही का गं ब्राहिमला जाऊन?" आणि लगेच दुसरीकडे पाणी ओतलं.

हे यामनाच्या कानावर यायला संध्याकाळ लागली नाही. ती काही बोलली नाही. तिच्यासारखी बाई बोलत नाही तेव्हा घरच्यांनी सांभाळून राहावं. दुखणं डॉक्टरने सांगितलं तसं आठवड्यात उतरलं होतं. महिना भरला, तपासणीची वेळ आली, तेव्हा यामना म्हणाली, "त्या बाईची पायरी मी चढणार नाही आणि माझी सूनही चढणार नाही. दुखतंय का तुला?"

"नाही, लल्ला."

"मग?"

पुढच्या महिन्यातही तेच. लोहाच्या गोळ्या संपल्या, पुन्हा आणल्या नाहीत. महजूबा पांढुरकी दिसायला लागली, जिना चढताना मध्ये बसायला लागली. यामना तिला मध आणि तीळ घातलेलं भाजलेलं पीठ चारायची, कलेजी आणायची, पायांना तेल लावायची. प्रेमात कसूर नव्हती. फक्त त्या एका दारावर तिने कुलूप घातलं होतं. दार उघडलं तर सुनेच्या पोटात गाठ निघणार होती. आणि सुनेच्या पोटात गाठ निघाली, तर छत्तीस वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या पोटात काय होतं, हे अख्ख्या बझूला पुन्हा मोजावंसं वाटणार होतं.

आठवा महिना सरत आला तेव्हा आरोग्य केंद्रातली नर्स आपण होऊन घरी आली. पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"बाळाचं डोकं वर आहे, कुल्ले खाली. आणि त्याच्याही खाली वाटेत ही गाठ. लल्ला, मी स्पष्ट सांगते. घरी कळा सुरू झाल्या तर मूल अडकेल आणि हिचं रक्त थांबणार नाही. कळांच्या आधीच ऑपरेशन व्हायला हवं. याच आठवड्यात न्या."

नर्सच्या मागोमाग हद्दा दारात. वास लागल्यासारखी.

"कापणार म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"भिंतींनी. बरंच झालं बाई. एकदाचं कळेल सगळ्यांना, आत कोण आहे ते." हद्दाने बूड टेकलं. "नाही, तू म्हणतेसच ना, थोरला आहे. मग भीती कसली?"

"हद्दा, तुझा दात दुखत होता तेव्हा तोंड तरी मिटलेलं असायचं."

"मी आपलं चांगल्यासाठी म्हणते. माझं ऐकशील तर नेऊ नकोस. आपल्या आया काय कापून घेत होत्या? इथेच होऊ दे. झाकली मूठ राहील."

गंमत अशी, की हद्दा जे म्हणत होती तेच यामनाच्या मनात होतं. स्वतःच्या मनातलं हद्दाच्या तोंडून ऐकलं, आणि ते तिला उष्टं वाटलं.

जाऊ गेली. यामना रिकाम्या मागासमोर बसून राहिली. महजूबा भिंतीला टेकून सूत गुंडाळत होती. तिने मान वर न करता बोलायला सुरुवात केली. इतकं सलग ती त्या घरात पहिल्यांदाच बोलली असेल.

"लल्ला, तुम्ही म्हणता म्हणून मी याला झोपलेला म्हणते. पुढेही म्हणेन. कुणी विचारलं तर शपथ घेऊन सांगेन, मला राग नाही. पण दुसरा जागा आहे, लल्ला. मला लाथा मारतो. आणि मला मरायचं नाही."

यामनाने मागाची दांडी उगाच सारखी केली.

"मी विचारतेय का तुम्हाला काही?" महजूबा म्हणाली. "कधी विचारलंय?"

"नाही."

"मग मला न्या."

यामना उठली. बाहेर जाताना घ्यायची हैकची चादर अंगावर ओढली, शेजारच्या पोरीला हाक मारून टॅक्सी बघायला पाठवलं, आणि कपड्यांचं बोचकं बांधता बांधता पुटपुटली, "बोलायला लागली की थांबत नाही, कुणाच्या घरची पोर आहे देव जाणे."

इस्पितळात डॉक्टर नुझाने बोलणी दिली आणि यामनाने ती उभ्याने ऐकून घेतली. ही नवलाचीच गोष्ट. महजूबाचं रक्त फार उतरलं होतं. आधी दोन दिवस तेच भरून काढायचं ठरलं, ऑपरेशनच्या वेळीही रक्त हाताशी हवं होतं. अब्देस्लाम अगादीरहून बसने थेट इस्पितळात आला, रक्त देऊन आला, बाही गुंडाळलेली तशीच. तो आईजवळ बाकावर बसला. काहीतरी विचारावं असं त्याच्या तोंडावर होतं. बंदरावर बझूची आणखी दोघं कामाला होती. तोंडं अगादीरपर्यंत पोचलेली असणार.

"जेवलास?" यामनाने विचारलं.

"जेवलो, यम्मा."

"काय?"

"सँडविच."

"ते जेवण नव्हे." तिने बोचक्यातून भाकरी आणि उकडलेली अंडी काढली. त्याने खाल्ली. विचारायचं राहून गेलं.

ऑपरेशनच्या सकाळी यामनाने डॉक्टरला वऱ्हांड्यात गाठलं. "पोट उघडणारच आहात तर ते दुसरंही काढून टाका. एकदाच काय ते."

तिने थोरला म्हटलं नाही, गाठही म्हटलं नाही. डॉक्टरच्या ते लक्षात आलं असावं.

"नाही काढणार, आजी. या दिवसांत ती रक्ताने टच्च भरलेली असते. आज सुरी लावली तर रक्त आवरणार नाही, आणि मग जीव वाचवायला गर्भपिशवीच काढावी लागते. मी तिला चुकवून वरून चीर देणार, बाळ काढणार, आणि तिला तशीच ठेवून शिवणार. बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप आक्रसतात. तीन महिन्यांनी बघू. तेव्हाही त्रास देत असेल तर निवांत काढू."

"म्हणजे ते आतच राहणार?"

"आतच."

यामनाने विचारलं, "तुमची आजी कुठली?"

"दमनातची."

"ती काय म्हणायची? झोपतं का मूल?"

डॉक्टर हातमोज्यांकडे बघत म्हणाली, "ती म्हणायची, झोपतं. तेव्हा यंत्रं नव्हती."

"यंत्रं नव्हती तेव्हा बायका कशा जगायच्या, तेही एकदा तुमच्या यंत्राला विचारा," यामना म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

ऑपरेशनला वाटलं होतं त्याहून वेळ लागला. गाठीमुळे पिशवी नीट आवळेना, रक्त जातच राहिलं, आणखी रक्त मागवलं. दार उघडून परिचारिका दोनदा धावत गेली आणि दोन्ही वेळा यामनाने तिला काही विचारलं नाही. अब्देस्लाम भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेवटी त्यांच्या हातात एक लाल, चिडलेली मुलगी दिली, पाठोपाठ सांगितलं की आई आहे, थकलीय, पण आहे. यामना तेव्हा रडली. मुलीच्या दुपट्याचं टोक तोंडाशी धरून, कुणाला दिसणार नाही असं.

नाव सातव्या दिवशी ठेवतात, पण त्याच दिवशी इस्पितळातून सुटका व्हायची होती, म्हणून सोहळा आणखी आठवड्याने केला. मेंढा कापला, मुलीचं नाव रह्मा ठेवलं. पुरुष ओसरीत, बायका आतल्या खोलीत. मोठ्या परातीत मेथी घातलेली कोंबडी आणि चुरलेल्या पोळ्या. तुपाच्या वासाने खोली भरून गेली होती. महजूबा गादीवर उशांना टेकून बसली होती, हातांना मेंदी. हद्दाने तिच्या गालाचा मुका घेतला, पोरीला आशीर्वाद दिले, आणि पहिला घास गिळून म्हणाली, "आणि थोरल्याचं काय झालं गं? भेटला का डॉक्टरणीला?"

हात परातीवर थांबले.

"काढलं नाही काही," महजूबा हळूच म्हणाली. "आतच आहे."

"आतच आहे!" एक म्हातारी खूश होऊन म्हणाली. "म्हणजे निजलाय अजून बिचारा." आणि तीन-चार जणींनी मान डोलावली. त्यांना भांडण नको होतं, जेवण गरम होतं. यामनाने नुसता हुंकार भरला असता तर झालं असतं. हद्दासुद्धा त्यावर काही बोलू शकली नसती.

महजूबा सासूकडे बघत होती. ती शपथ घ्यायला तयार होती, तसं तिने सांगितलंच होतं. पण निजलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेत नाहीत. निजलेल्या मुलाला सुरी लावू देत नाहीत. एकदा तो त्या खोलीत निजला, की तीन महिन्यांनी त्याला दाखवायला न्यायची कुणाची छाती नव्हती; आणि महिन्याच्या महिन्याला महजूबा पुन्हा पांढरी पडत जाणार होती.

"गाठ आहे ती," यामना म्हणाली.

"काय?"

"गाठ. मांसाची. ऐकू कमी येतं का? डॉक्टरणीने डोळ्यांनी पाहिली. तीन महिन्यांनी मी हिला परत नेणार, आणि आक्रसली नसेल तर काढून घेणार."

हद्दाने घास परत परातीत ठेवला. तिला जे हवं होतं ते असं ताटात वाढून मिळेल अशी तिने अपेक्षा केली नव्हती. "पण मग," ती म्हणाली, "तूच तर म्हणायचीस, आमच्या घराण्यात…"

"म्हणायचे. चुकले." हा शब्द यामनाच्या तोंडून त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. "हिच्यात गाठ होती. माझ्या पोटातून जो आला तो रडत आला, गाठी रडत नाहीत. त्याच्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा, माझी कोंबडी तोंडात असताना. तोंड रिकामं झाल्यावर विचारलेलं मी ऐकून घेणार नाही."

कुणी विचारलं नाही. एकीने पाणी मागितलं, एकीने मुलगी कुणावर गेलीय ते बघायला हात पुढे केले आणि मध्येच मागे घेतले. जेवण झालं, चहा झाला. बायका एरवी अस्रचा, दुपार उतरतानाचा नमाज होईपर्यंत बसतात. त्या दिवशी लवकर उठल्या. दारात चपला घालताना त्यांचं बोलणं सुरू झालं आणि गल्लीच्या वळणापर्यंत वाढत गेलं. यामना पराती गोळा करत होती. तिला ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते, आणि कळायची गरजही नव्हती.

अब्देस्लाम आत आला. ओसरीत आणि आतल्या खोलीत एकच पडदा होता.

"तपासणी कधी आहे?" त्याने विचारलं.

"तीन महिन्यांनी. गुरुवारी बघते ती बाई."

"मी रजा घेतो. मी नेईन."

"मीही येणार."

"ये." तो परात उचलून देऊ लागला. हे त्याचं काम नव्हतं, पण तिने अडवलं नाही. मग म्हणाला, "यम्मा, बा सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला पहिल्यांदा पाहिलं. काय म्हणाला तो?"

यामनाने हातातलं फडकं पिळलं.

"बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, नाक माझ्या आईसारखं आहे."

"होतं?"

"वर्षाचाही नव्हतास तू," ती म्हणाली. "त्या वयाचं नाक ज्याला ज्याच्यासारखं बघायचं, त्याच्यासारखं असतं."

अब्देस्लामने हातातली परात खाली ठेवली. गादीवर मुलगी रडायला लागली, तेव्हा तिला घ्यायला गेला.